परत उगवणारं जांभूळ

१. फुलकोबी

झाड परत आलं होतं.

श्यामराव घाटोळ्यांनी चष्मा काढून पुसला, नाकावर ठेवला आणि प्रिंटरमधून नुकताच निघालेला नकाशा पुन्हा पाहिला. शंकर नगरचा चौक, चौकाच्या मधोमध गोल, आणि गोलात कारंजं असायला हवं होतं. कारंज्याच्या जागी हिरवं, फुलकोबीच्या गड्ड्यासारखं काहीतरी बसलं होतं. नकाशात झाडाकडे वरून पाहतात, आणि वरून पाहिलं की कुठलंही झाड फुलकोबीच दिसतं. ही फुलकोबी म्हणजे कार्यालयाच्या दारासमोरचं जांभूळ.

"साहेब," श्यामरावांनी केबिनकडे तोंड करून हाक मारली, "आलं हो परत."

साहेब म्हणजे कार्यालयप्रमुख रत्नाकर पांढरीपांडे. ते बाहेर आले, त्यांनी नकाशा पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. "काल सांगून सांगून काढायले लावलं होतं न?"

"मी काढलं होतं, सर," अनुश्री म्हणाली. चौकाचा नकाशा तिने काढलेला. "जाताना श्यामराव काकांना स्क्रीनवर दाखवूनसुद्धा गेले. कारंजं होतं."

"होतं," श्यामरावांनी साक्ष दिली. "तुषार उडून राहिले होते."

राज्य नवं, भोपाळच्या कारभारातून नुकतंच सुटलेलं; राजधानी नवी. ज्या गावात परवापर्यंत चौकात म्हशी बसल्या तर लोक वळसा घालून जात, त्या गावाला आता सुशोभन लागत होतं. आणि त्यासाठी 'चौक सुशोभन कार्यालय' उघडलं होतं. कार्यालयाने आजवर एकही चौक सुशोभित केला नव्हता, पण नकाशे फार सुंदर होते.

जांभळाचा गुन्हा असा, की जूनमध्ये त्याने सचिवांच्या पांढऱ्या सदऱ्यावर एक पिकलं फळ टाकलं. सचिवांनी वर पाहिलं. झाडाने दुसरं टाकलं. त्याच आठवड्यात हुकूम आला: चौकात कारंजं हवं, झाड नको, तसा नकाशा मंजुरीला पाठवा.

तेव्हापासून दर संध्याकाळी अनुश्री झाड काढायची. दर सकाळी श्यामराव नकाशा छापून वर न्यायचे, आणि कागदावर झाड असायचं. वरून शेरा यायचा: 'झाड काढा.' ती आजारी होती त्या आठवड्यात दुसऱ्या कोणी काढलं, तरी ते आलंच. झाडाखाली चहाची टपरी चालवणाऱ्या भैय्यालालने बुंध्याशी अगरबत्ती लावायला सुरुवात केली होती आणि त्याचा चहा दुप्पट खपत होता. ज्युनिअर इंजिनिअर पियुष साहू येता-जाता झाडाला नमस्कार करायचा.

पण त्या दिवशी शेऱ्याऐवजी फोन आला. साहेब फोनवर "हो सर, हो सर" म्हणत उभे राहिले, मग खाली बसले, आणि त्यांनी शर्मिष्ठाला बोलावलं.

शर्मिष्ठा कार्यालयाचं मशीन सांभाळायची. कंत्राटी होती, करार संपत आला होता.

"सचिव म्हणतात," साहेब तिच्या डोक्यावरच्या पंख्याकडे पाहत बोलले, "की झाड मशीन परत आणते. आणि मशीन म्हणजे तू. सोमवारपर्यंत माणूस सापडला तर ठीक. नाही तर तुझा करार पुढे जाणार नाही."

२. पिंजरा

चौबे कॉलनीत लताआत्या पोहे निवडत बसली होती. तिने नोकरीभर रेल्वेत हरवलेल्या मालाच्या तक्रारी निस्तरल्या होत्या. निवृत्त झाल्यावर घरात काही हरवेना, म्हणून ती बेचैन असायची. भाची रडवेली होऊन दारात उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा उजळला.

"बस. काय हरवलं?"

"काही हरवलं नाही, आत्या. उलट सापडतंय. रोज."

सगळं ऐकून आत्याने परात बाजूला सारली. "नोकरी गेली तर?"

"तर बाबा म्हणतात अमरावतीला परत ये. वर्ध्याच्या त्या स्थळाकडे फोटोही पाठवून दिलाय."

"तो? ज्याचं स्वतःचं मंगल कार्यालय आहे?"

"तोच. लग्नाचा हॉल फुकट पडेल म्हणे."

"मग तर चोर सापडलाच पाहिजे," आत्या म्हणाली. "मले मशीन समजावून सांग. मालगोदामासारखं सांग, तसं लवकर समजते."

शर्मिष्ठाने सांगितलं. मशीन म्हणजे एक मोठं गोदाम. प्रत्येकाची त्यात एक खोली. पूर्वी कोणीही कुठेही हिंडायचं. एकदा कोणाच्या तरी हातून अख्खा तेलीबांधा तलाव नकाशातून पुसला गेला, आणि दोन बैठका होईपर्यंत ते कोणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हा तिने सगळ्यांना पिंजऱ्यात घातलं.

"रिस्ट्रिक्टेड शेल म्हणतात त्याला. पासवर्ड टाकला की माणूस पिंजऱ्यात. मोजकी कामं करता येतात. आपलं पत्र लिहा, आलेलं टपाल वाचा, नकाशा छापा. आपली खोली सोडून बाहेर जाता येत नाही. दुसऱ्याच्या मालाला हात लावता येत नाही."

"खोल्यांले कुलुपं आहेत?"

"पिंजरा आहे तर कुलूप कशाला? नकाशांची खोली तशी उघडीच असते."

"हं. पिंजऱ्याबाहेर कोण?"

"मी. आणि आपल्या नकाशांपुरती अनुश्री. पण ती आजारी होती तेव्हा मीच झाड काढत होते, तरी ते येत होतं. म्हणजे ती नाही."

"म्हणजे राहिली कोण?"

शर्मिष्ठाने नाक पुसलं. "सचिवांनीही असाच हिशेब केला."

आत्याने परात पुन्हा जवळ ओढली. मग म्हणाली, "हे पाह्य, शर्मू. आमच्याकडे लोक म्हणत, माल चालत्या गाडीतून गेला. चालत्या गाडीतून कधी काही जात नाही. गाडी थांबते तिथे जाते. स्टेशनात पोलीस असते, म्हणून चोर स्टेशनात येतच नाही. सिग्नल मिळेना म्हणून गाडी स्टेशनाबाहेर, आउटरवर, थांबते. माल तिथे उतरतो. तुझी गाडी कुठे थांबते? पासवर्ड टाकल्यावर माणूस कामाले लागेपर्यंत मधात काय होते?"

"काही नाही." शर्मिष्ठा थबकली. "म्हणजे, देव येतात."

"कोण?"

"देव. प्रत्येकाच्या खोलीत एक छोटी फाइल असते. लॉगिन झालं की तीत लिहिलेल्या आज्ञा मशीन आपोआप वरपासून खालपर्यंत पाळतं. श्यामराव काका म्हणाले, कागदाच्या माथ्यावर 'श्री' लिहिल्याशिवाय मी आजवर कामाला हात घातला नाही, तुझ्या मशीनवर तरी का घालू? म्हणून मी सगळ्यांच्या फाइलीत 'श्री' टाकला, वर घंटेची एक टुण्. तर पियुषला बजरंगबली हवा होता. अनुश्रीला रेणुकामाता. काकांना शेवटी शेगावचे गजानन महाराज. रोज एकाचा देव बदलायचा. मी कंटाळून ती फाइल ज्याची त्याला लिहायला मोकळी केली. म्हटलं, आपापला देव आपापला बसवा."

"आणि पिंजरा?"

"तो आधीच लागलेला असतो. पासवर्ड, पिंजरा, मग देव. देवसुद्धा पिंजऱ्यात."

"देवसुद्धा पिंजऱ्यात," आत्या पुटपुटली. तिला ते धार्मिकदृष्ट्या पटलं नाही. "उद्या मी येतो तुझ्या ऑफिसात. तुझे साहेब येऊ देतील?"

३. ज्याला त्याला सावली

साहेबांनी नुसतं येऊ दिलं नाही, खुर्ची पुसून दिली. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांतून ते लताबाईंना ओळखत होते.

"करा, लताबाई, चौकशी करा. चौकशी सुरू आहे म्हटलं की निर्णय थांबतो. निर्णय थांबला की सगळ्यांले बरं वाटते."

"तुम्हाले कोणावर संशय?"

"मी काय सांगू? मले त्या टीव्हीतलं काही समजत नाही." साहेब कॉम्प्युटरला टीव्ही म्हणायचे. त्यांचं मशीनवर खातंही नव्हतं; आलेली पत्रं पियुष वाचून दाखवायचा. "पण कार्यालय सात्त्विक आहे, इतकं सांगतो. सकाळी पासवर्ड टाकला की आधी आपापले देव येतात, मग दार लागते, मग काम. अख्ख्या राज्यात असं ऑफिस नसेल."

"चहा छान आहे," लताबाई म्हणाल्या.

पियुष साहूला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर तो हिंदीतच द्यायचा.

"तुले हे झाड राहावं वाटते?"

"दीदी, मेरी नई मोटरसाइकिल उसी की छाँव में खड़ी रहती है। पेड़ गया तो सीट पे पापड़ सेंक लो।"

"म्हणजे हेतू आहे."

"हेतु तो सबका है, दीदी! लेकिन मैं बिलासपुर गया था न ट्रेनिंग में, तब भी आया था पेड़। मेरे बिना आ गया।" हे सांगताना त्याला थोडं वाईट वाटलेलं दिसलं.

अनुश्रीने तर सरळच सांगितलं. "आत्या, पहिल्या नकाशात झाड मीच रेखाटलं होतं. कारंजं नंतर लादलं. मला झाड हवंय. पण मी ते चोरून कशाला ठेवीन? मी भांडले असते. सरांशी भांडलेही."

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझा मुद्दा विचाराधीन आहे."

हेतू सगळ्यांना होता. अख्खं कार्यालय त्या जांभळाच्या सावलीत चहा प्यायचं. अडचण होती ती संधीची. आणि संधी पिंजऱ्यात होती.

लताबाई बाहेर आल्या. भैय्यालालने फळकुटावरचे ग्लास सरकवून त्यांना जागा करून दिली.

"भैया, पेड़ रोज वापस आता है?"

"हव दीदी, रोज। देवता है न।"

"एक भी दिन नागा नहीं?"

भैय्यालालने किटली खाली ठेवली. "एक दिन नहीं आया। सच बताऊँ? गलती मेरी थी। उस दिन अगरबत्ती नहीं लगी।"

"काहून?"

"डिब्बी तो घाटोळे बाबू देते हैं न, शेगाँव वाली। वो नागपुर गए थे, भतीजी की सगाई में।"

लताबाई फळकुटावर पुढे सरकल्या.

"त्या दिवशी नकाशा कोणी छापला?"

"पियुष भैया ने। फव्वारा निकला उसमें, एकदम बढ़िया। सब देखने आए। मगर साहब बोले, आज रहने दो, कल ठीक से देखकर भेजेंगे। और कल तो पेड़ आ ही गया।"

४. देवाला उशीर

श्यामरावांची खुर्ची खिडकीशी होती. खुर्चीवर एक गोल, मधोमध भोक असलेली उशी होती, तिच्याबद्दल कार्यालयात कोणी काही विचारत नसे. नोव्हेंबरचं कोवळं ऊन नेमकं त्या उशीवर पडायचं.

"श्यामराव, तुम्ही सकाळी काय काय करता, करून दाखवा बरं."

श्यामरावांनी जोडे काढले. एका बोटाने एकेक कळ शोधत पासवर्ड टाकला, हात जोडले, डोळे मिटले. पडदा काळाच राहिला. श्यामराव 'गण गण गणात बोते' पुटपुटत राहिले. लताबाई वाट पाहत राहिल्या. पलीकडे पियुषने पासवर्ड टाकला, टुण्, आणि त्याचे बजरंगबली आले सुद्धा. श्यामरावांचा जप सुरूच. अखेर टुण् झालं आणि गजानन महाराज प्रकटले.

"तुमचे महाराज उशिरा येतात?"

"आधी लगेच यायचे," श्यामराव म्हणाले. "पावसाळ्यापासून वेळ लावून राहिले. मी म्हटलं, आपलीच भक्ती कमी पडत असेल. जप वाढवला."

"देव बसवला कोणी?"

"शर्मिष्ठाने. मले काय येते? पासवर्ड अन् छपाई, एवढंच."

"नंतर या खुर्चीवर कोणी बसलं?"

श्यामरावांनी उशीवर हात ठेवला. "या खुर्चीवर? ताई, मी पोट्ट्यांले हिला हातही लावू देत नाही. पियुष एकदा बसला होता, मी दोन दिवस उभ्याने काम केलं."

"कोणीच नाही?"

"नाही म्हणजे... साहेब बसते कधी कधी. मी चहाले गेलो की. पेपर घेऊन. ऊन खायले. त्यांले नाही कसं म्हणता येईल?"

"आणि तुम्ही चहाले जाता तेव्हा मशीन सुरूच असते?"

"बंद काहून करू? देव बसले असते न आत."

लताबाई उठून तडक शर्मिष्ठाच्या टेबलाशी गेल्या. दारं नव्हती म्हणून, नाही तर त्यांनी दार लावलं असतं.

"शर्मू, तू मले काय सांगितलं? पासवर्ड, पिंजरा, मग देव. बरोबर?"

"बरोबर."

"तुमचे साहेब म्हणाले, आधी देव, मग दार लागते. खरं कोणाचं?"

"सरांचं कसं असेल? ते कॉम्प्युटरला टीव्ही म्हणतात."

"मी खरं कोणाचं ते विचारून राहिलो, अक्कल कोणाची ते नाही. पाह्य बरं."

शर्मिष्ठाने जाड पुस्तक काढलं, हवं ते पान शोधलं. एकदा वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचताना तिचे कान लाल झाले.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "पिंजरा नंतर लागतो. आधी ती फाइल पूर्ण वाचली जाते, आणि तोवर माणूस मोकळाच असतो. फाइलीत जे लिहिलं असेल ते होतं. कुठेही. मग दार लागतं." तिने पुस्तक मिटलं. "आणि ती फाइल मीच सगळ्यांना लिहायला मोकळी केली."

"आउटर," आत्या म्हणाली. "तिथे गाडी थांबते. उघड श्यामरावांची फाइल."

शर्मिष्ठाने उघडली. खाली महाराज होते, घंटा होती. पण त्यांच्या वर, अगदी माथ्यावर, दोन ओळी होत्या. पहिली ओळ म्हणत होती: श्यामरावांच्या खोलीत दडवलेला झाडाचा जुना नकाशा उचल आणि नकाशांच्या खोलीत नव्याच्या जागी ठेव. दुसरी म्हणत होती: आणि याबद्दल कोणाला काही सांगू नकोस.

मागे कोणीतरी धापा टाकल्यासारखं केलं. श्यामराव उभे होते. त्यांनी जोडेही घातले नव्हते.

"माझ्या देवघरातून?" ते म्हणाले. "रोज सकाळी मी हात जोडतो, अन् त्या वेळी माझ्या हातून चोरी होऊन राहिली?"

५. नाही

साहेब झाडाखाली फळकुटावर बसले होते. लताबाई शेजारी जाऊन बसल्या. शर्मिष्ठाही आली, पण बसली नाही.

"सापडलं का काही, लताबाई?"

"सापडलं. झाड श्यामरावांच्या लॉगिनमधून येते. ते नागपूरले गेले त्या दिवशी आलं नाही. त्यांचे महाराज उशिरा येतात, कारण आधी तो एवढा मोठा नकाशा हलवावा लागते."

"अरे बाप्पा! श्यामराव?"

"श्यामरावांले फाइल लिहिता येत नाही. त्यांच्या खुर्चीवर दुसरा कोणी बसू शकत नाही, ज्याले ते नाही म्हणू शकत नाही असा माणूस सोडून. तो एकच आहे. त्या दिवशी कारंज्याचा चांगला नकाशा निघाला, तोही त्याच माणसाने वर जाऊ दिला नाही. आणि आधी देव येतात, दार मग लागते, हे या पोट्टीलेही माहीत नव्हतं. मशीन तिने बसवलं, तरी. ते मले या ऑफिसात एकानेच सांगितलं, आणि तो कॉम्प्युटरले टीव्ही म्हणते."

साहेबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"मी भोपाळले असताना रात्रंदिवस हेच करायचो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात एक वेगळीच हुशारी आली होती, लपवून ठेवलेल्या वस्तूवरची धूळ झटकल्यासारखी. "मग अधिकारी झालो. साहेबाले कॉम्प्युटर येते हे एकदा कळलं, की साहेबालाच काम करावं लागते. म्हणून विसरलो. पण हे झाड तोडायचा हुकूम आला तेव्हा..."

"तेव्हा तुम्ही नाही म्हणायचं न, सर," शर्मिष्ठा म्हणाली.

"नाही?" साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं तिने एखाद्या फार दूरच्या देशाचं नाव घेतलं. "पोरी, मी नोकरीत कधी नाही लिहिलं नाही. 'विचाराधीन' लिहिलं. 'पुनर्विलोकनार्थ' लिहिलं. 'चर्चा करावी' तर किती वेळा लिहिलं. 'नाही' कसं लिहायचं तेच मले माहीत नाही. मग म्हटलं, हुकूम पाळायचा. रोज पाळायचा. आणि रोज सकाळी तो आपोआप न पाळला जावा, अशी व्यवस्था करायची. कोणाचंच मन दुखत नाही."

"माझं दुखलं, सर."

"अगं, तुझा करार संपवायचं पत्रही मी टाइप करायले दिलं नव्हतं. विचाराधीन ठेवलं होतं."

"सोमवारी ते विचाराधीन राहिलं नसतं," लताबाई म्हणाल्या. "रत्नाकरराव, झाड वाचवलं ते बरं केलं. पण झाडाच्या जागी या पोट्टीले उभं केलं. कुऱ्हाड तर पडणारच होती, तुम्ही फक्त खोड बदललं."

फळकुटावर पडलेलं एक वाळलं पान साहेबांनी उचललं, खिशात ठेवलं, परत काढलं. मग उठले आणि भैय्यालालला म्हणाले, "एक चहा उधार लिही," आणि सचिवालयाच्या रस्त्याने चालू लागले. पियुष मोटरसायकल घेऊन मागे धावला. ते तिच्यावर बसले नाहीत.

६. तिसरं

दुपार कलली तरी साहेब परतेनात. कार्यालयात कोणी काम केलं नाही. पण ते नेहमीचंच असल्यामुळे फरक जाणवला नाही. श्यामराव खुर्चीशी उभे होते. उशी त्यांनी धुवायला घातली होती.

"सस्पेंड करते का हो अशा माणसाले?" त्यांनी लताबाईंना विचारलं.

"कोणाले माहीत. रेल्वेत खरं बोलणाऱ्यावर काय कारवाई करायची, याचा नियम आम्हाले सापडला नव्हता."

मग साहेब आले. घामाघूम, पण चेहरा एखाद्या मुलाने पहिल्यांदा विहिरीत उडी मारून वर यावं तसा.

"काय झालं, सर?" अनुश्रीने विचारलं.

"मी म्हटलं, झाड राहील. नाही तोडणार. मीच परत आणत होतो." साहेब खुर्चीचा आधार घेऊन उभे राहिले. "सचिवांनी पेन खाली ठेवलं. मले वाटलं, गेलो. मग ते म्हणाले, काहून? पांढरीपांडे, काहून नाही? इतक्या नोकरीत मले पहिल्यांदा कोणी कारण विचारलं! मग मी सांगितलं. या झाडाखाली अर्धा शंकर नगर उन्हाळ्यात उभा राहते. कारंज्याखाली कोणी उभं राहत नाही. अन् सर, तुमच्या सदऱ्याचा डाग निघाला असेल."

"मग?"

"म्हणाले, निघाला नाही. बायको अजून बोलते." साहेबांनी कपाळ पुसलं. "पण कारंजं पलीकडच्या कोपऱ्यात नेलं. मले ताकीद मिळाली, लेखी. चांगली कडक आहे. मग म्हणाले, आणि त्या कॉम्प्युटरवाल्या मुलीला काढून टाका, तिने दार उघडं ठेवलं. मी म्हटलं, नाही."

"दुसऱ्यांदा?" श्यामराव घाबरून म्हणाले.

"दुसरं सोपं जाते, श्यामराव. दार कोणी उघडं ठेवलं हा प्रश्न नाही, म्हटलं. आत कोण शिरलं हा आहे. आत मी शिरलो. शर्मिष्ठा, तुझा करार पुढे जातो. ऊठ जरा."

तिच्या खुर्चीत बसून त्यांनी स्वतः करारवाढीचं पत्र लिहायला घेतलं. कळफलकाकडे न पाहता, भर पावसात पत्र्यावर सर यावी तशी त्यांची बोटं चालली. पियुषचं तोंड उघडं पडलं. श्यामराव इतके भारावले, की उशीवाचून खुर्चीवर बसले आणि लगेच उठले. सही होऊन पत्र हातात पडलं तेव्हा शर्मिष्ठाने ते दोनदा वाचलं. मग घडी घालून आत्याकडे दिलं. आत्याने ते ब्लाउजमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "वर्ध्याले फोन मी करतो. हॉल दुसऱ्यांले भाड्याने द्या म्हणतो."

"आता, सर," शर्मिष्ठा म्हणाली, "तुम्ही उठा."

तिचा आवाज साहेबांनी आजवर ऐकला नव्हता तसा होता. ते उठले. ती बसली आणि कामाला लागली. सगळ्यांच्या त्या छोट्या फाइली तिने आपल्या नावावर केल्या. कोणाला देव बदलायचा असेल तर त्याने यापुढे तिच्याकडे यावं. नकाशांच्या खोलीला कुलूप घातलं. श्यामरावांच्या महाराजांवरच्या दोन ओळी पुसल्या, तेव्हा श्यामरावांनी हात जोडले. शेवटी तिने एक नवं खातं उघडलं.

"हे कोणाचं?" साहेबांनी वाकून विचारलं.

"तुमचं. तुम्हाला इतकं येतं, तर खातं हवंच. पण पिंजऱ्यातलं. पत्र लिहा, टपाल वाचा, नकाशा छापा. बाकी काही नाही."

साहेब ताठ उभे राहिले. सकाळपासून सवय लागलीच होती.

"नाही," ते म्हणाले.

हे तिसरं. ते मात्र कोणी ऐकलं नाही.